चौकाच्या डाव्या हाताला

१९७८ साली 'कॉर्टेक्स' नावाच्या नियतकालिकात पाच पानांचा एक निबंध आला. लिहिणारे दोघे, एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझ्झाती, इटलीतल्या मिलानचे. रुग्णही दोनच, आणि तेही मिलानचेच. मेंदूच्या रंगीत प्रतिमा नाहीत, यंत्रं नाहीत, लांबलचक तक्ते नाहीत. रुग्णांना एवढंच सांगितलं होतं की गावातला तुमच्या ओळखीचा चौक मनात आणा आणि तिथं काय काय आहे ते आम्हाला सांगा.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मिरजेत राहते आणि पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या घरी जाऊन काम करते. अंगात सदरा कसा घालायचा, एका हातानं कसं जेवायचं, संडासापर्यंत न पडता कसं जायचं, हे सगळं नव्यानं बसवून द्यायचं, असं माझं काम. हा निबंध शिकत असताना परीक्षेसाठी वाचला होता. कामाला लागल्यावर तो पुन्हा पुन्हा काढून वाचत आले. मेंदूविषयी वाचलेल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीची मला रुग्णाच्या खाटेशेजारी इतकी मदत झालेली नाही. म्हणून आज तो जरा सविस्तर सांगते.

चौक म्हणजे पियाझ्झा देल दुओमो. दुओमो म्हणजे मिलानचं मुख्य चर्च. त्याचं बांधकाम १३८६ साली सुरू झालं आणि पुढची कित्येक शतकं चाललं. चर्चचं तोंड पश्चिमेला, आणि समोर हा ऐसपैस चौक. मध्ये राजा दुसऱ्या वित्तोरियो इमॅन्युएलेचा घोड्यावरचा पुतळा. मी मिलानला गेलेले नाही, पण या चौकाचा नकाशा मला पाठ आहे. चर्चकडे तोंड करून चौकाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहिलं, तर उजव्या हाताला पालाझ्झो रेआले, म्हणजे जुना राजवाडा, आणि त्याच्या अलीकडे आरेंगारिओच्या इमारती. डाव्या हाताला गॅलेरिया. ही काचेच्या छपराखालची भव्य बाजारपेठ १८६५ ते १८७७ या काळात बांधली गेली, आणि मिलानला जाणारा माणूस ती बघितल्याशिवाय परत येत नाही.

दोन्ही रुग्णांच्या मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली होती. दोघांचंही आयुष्य मिलानमध्ये गेलेलं, चौक चांगला परिचयाचा. बिसियाक आणि लुझ्झाती यांनी आधी सांगितलं, तुम्ही चर्चच्या समोर, चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहात अशी कल्पना करा. रुग्णांनी वर्णन केलं. त्यात चौकाच्या उजव्या हाताच्या जागा नीट आल्या. डाव्या हाताचं जवळजवळ काही नाही. ऐकणाऱ्याला वाटेल की आजारात स्मृती गेली, चौकाचा तेवढा तुकडा पुसला गेला. पण मग त्यांनी सांगितलं, आता मनानंच चौक ओलांडून चर्चच्या दारात जा, पाठ चर्चकडे करा आणि समोर बघा. आता जे उजवीकडे आलं होतं ते मघाचं डावं. रुग्ण बोलू लागले आणि मघाशी न आलेल्या इमारती, रस्ते, दुकानं एकेक करून येऊ लागली. आणि काही मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेल्या जागा? त्या आता डाव्या हाताला गेल्या होत्या, आणि वर्णनातून गायब झाल्या होत्या.

हे वाचून मी पहिल्यांदा थांबले होते आणि अजूनही इथं आले की थांबते. दोन्ही वर्णनं एकत्र ठेवली तर चौक जवळपास पूर्ण होतो. म्हणजे माणसाकडे चौक आहे, पुरता आहे. तो जिथं उभा आहे असं त्याला वाटतं, तिथून त्याला फक्त उजव्या हाताचा भाग हाती लागतो.

या आजाराला आम्ही नेग्लेक्ट म्हणतो. मेंदूच्या उजव्या बाजूला, विशेषतः वरच्या मागच्या भागात, ज्याला पॅरिएटल लोब म्हणतात तिथं आणि त्याच्या आसपास, रक्तपुरवठा तुटला की माणसाचं जगाच्या डाव्या अर्ध्याकडे लक्षच जात नाही. नजर चांगली असते. बोलणं चांगलं असतं. राजकारणावर वाद घालतील, नातवाच्या फीचा हिशेब सांगतील. पण दाढी उजव्या गालाचीच करतात. सदऱ्याची डावी बाही लोंबत राहते. चालता आलं तर डाव्या खांद्यानं दाराची चौकट धडकून जातात. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे गोलाच्या उजव्या अर्ध्यात कोंबतात. आडवी रेघ देऊन मध्यावर खूण करा म्हटलं तर खूण उजवीकडे सरकलेली असते, कधीकधी टोकाच्या अगदी जवळ. आपली लिपी डावीकडून सुरू होते, त्यामुळे ओळीची सुरुवातच हरवते. 'विश्रामबाग' अशी पाटी समोर असताना 'बाग' एवढंच वाचणारे गृहस्थ मी पाहिलेत. पेपर वाचून झाल्यावर ते म्हणायचे, हल्ली बातम्यांना शेंडाबुडखा नसतो.

घरात हे सगळ्यात आधी कळतं ते जेवणाच्या ताटावर. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली: उजव्या हाताला भाजी, आमटी, मध्ये पोळी-भात, आणि डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. एका घरी सासऱ्यांना झटका येऊन गेला होता. सून रोज चारी ठाव वाढायची. ताट परत यायचं तेव्हा उजवी बाजू चाटून पुसून स्वच्छ, आणि डावी बाजू जशीच्या तशी. वर सासरे भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात आता कोशिंबीर करत नाहीत." मी गेले त्या दिवशी ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि रडली. म्हणाली, "ताई, हे मुद्दाम करतात का? आजवर कधी असं बोलले नव्हते हो." मी तिला बाहेर घेऊन आले आणि त्यांच्यासमोरचं ताट फक्त अर्धं फिरवलं. त्यांनी कोशिंबिरीकडे बघितलं, खाल्ली आणि सुनेला म्हणाले, "आज केलीस होय? छान झालीय." त्यांच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. त्यांच्या लेखी ती कोशिंबीर त्याच क्षणी ताटात आली होती.

घरचे लोक साधारण तीन कारणं लावतात. डोळे गेले. डोकं फिरलं. मुद्दाम करतात. पहिल्या कारणात थोडं तथ्य असू शकतं, कारण स्ट्रोकमध्ये दृष्टीचं अर्धं क्षेत्रही जाऊ शकतं, आणि काहींना दोन्ही त्रास एकदम असतात. पण नुसती अर्धी नजर गेलेल्या माणसाला ते लवकरच उमगतं, आणि तो मान वळवून बघायला शिकतो. नेग्लेक्ट असलेल्याला मान वळवावी असं वाटतच नाही. वळवण्यासारखं तिकडे काही आहे, हेच त्याच्या जगात नसतं.

बिसियाकच्या प्रयोगाचं बळ मला इथं वाटतं. ताट, पेपर, घड्याळाचं चित्र, या सगळ्यात डोळ्यांचा संबंध येतोच, त्यामुळे शंका उरते. चौकाच्या प्रश्नात डोळ्यांना कामच नव्हतं. रुग्ण एका खोलीत बसलेले, समोर चौक नाही, चित्र नाही, नकाशा नाही. तरीही डावी बाजू गेली. म्हणजे बिघाड डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत नाही. आपण मनात जी जागा उभी करतो, तिच्यातच तो आहे.

पुढच्याच वर्षी त्यांनी दानिएला पेरानी यांच्यासोबत आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो मला तितकाच आवडतो. ढगांसारखे वेडेवाकडे आकार एका उभ्या अरुंद फटीमागून सरकवले. रुग्णाला एका वेळी आकाराची बारीक पट्टी दिसे, तीही बरोबर मध्यभागी. डावं-उजवं बघण्याचा प्रश्नच नाही. पट्ट्या जोडून पूर्ण आकार मनातच तयार करायचा, आणि असे दोन आकार सारखे की वेगळे ते सांगायचं. फरक आकाराच्या डाव्या भागात असला की रुग्ण चुकत. प्रत्येक पट्टी त्यांनी पाहिली होती. जोडताना डावा भाग सुटत होता.

आता माझ्या एका रुग्णाचं सांगते. ते किराणा-भुसार दुकानाचे मालक. तरुणपणी वडिलांच्या मागे गल्ल्यावर बसले ते आजारी पडेपर्यंत बसले. झटक्यानं डावा हात-पाय गेला आणि सोबत ही डावी बाजू. काकूंना वाटत होतं, हे बोलतात तर नेहमीसारखं, मग असं का वागतात? काकांना दुओमो विचारून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "काका, डोळे मिटा. तुम्ही गल्ल्यावर बसलाय, तोंड रस्त्याकडे. दुकानात काय काय दिसतंय ते सांगा बघू."

ते खुलले. सदऱ्याचं वरचं बटण लावावं तसं आधी बसणं नीट केलं आणि सांगू लागले. साबणाची मांडणी, त्याच्या वरच्या फळीवर अगरबत्ती आणि कापूर, खाली धुण्याच्या पावडरी. बिस्किटांच्या बरण्या. चहाच्या पुड्यांच्या माळा, खिळ्याला टांगलेल्या. खाली फोडलेलं साखरेचं पोतं, त्यात पत्र्याचं माप. मी सगळं लिहून घेत होते आणि काकू शेजारी मान डोलवत होत्या. मग ते थांबले. मी विचारलं, "आणखी काही?" म्हणाले, "झालं की. एवढंच."

काकूंनी तोंड उघडलं, मी त्यांना हातानं थांबवलं.

मग मी सांगितलं, "आता काका, तुम्ही गिऱ्हाईक. रस्त्यावर उभे आहात, पायरीपाशी. दुकानाकडे बघताय." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग जे मघाशी नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. तेलाचे डबे, पंप लावलेला डबा वेगळा. गुळाची ढेप, तिच्यावर ओलं फडकं. शेंगदाण्याचं पोतं, शाबूचं पोतं, पोह्यांचं. मोठा तागडीचा काटा, वडिलांच्या वेळचा, आता वापरात नसलेला पण काढलेला नाही. त्या काट्यावर गंध लावायची पद्धत. हे सांगताना त्यांचा गळा भरून आला. आणि साबण, अगरबत्ती, बिस्किटं, चहा? एकही नाही.

मी दोन्ही याद्या त्यांना वाचून दाखवल्या. विचारलं, "काका, गल्ल्यावरून तेलाचे डबे दिसत नाहीत का?" ते शांतपणे म्हणाले, "दिसतात की. तुम्ही विचारलं कुठं?" काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं की नवऱ्याच्या वागण्यात हट्ट नाही.

नंतर सहज म्हणून मी विचारलं, "मार्केट यार्डातून भरायच्या मालाची यादी सांगता?" त्यांनी ती घडाघडा म्हटली. साखर, गूळ, तेल, शेंगदाणे, शाबू, पोहे, डाळी एकेक करून, साबण, चहा. दुकानाच्या दोन्ही बाजूंचा माल एकत्र, कशाचीही गाळणी नाही. ती यादी त्यांच्याकडे जागेच्या रूपात नव्हती, म्हणण्याच्या रूपात होती. तिला डावं-उजवं नव्हतं, म्हणून काही हरवलं नाही.

ही गोष्ट मला एकटीलाच दिसलेली नाही. फ्रान्समध्ये लिओंच्या जिल रोद यांच्या गटानं २००४ साली एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला फ्रान्सचा नकाशा मनात आणून गावांची नावं सांगायला सांगितली की नकाशाच्या डाव्या भागातली, म्हणजे पश्चिमेची गावं राहून जात. पण नकाशाचं नाव न काढता, आठवतील तेवढी गावं सांगा म्हटलं की पश्चिमेची गावंही येत. माणूस तोच, माहितीही तीच. तिला जागेवर मांडायला लावलं की डावी बाजू सांडते. त्या निबंधाचं म्हणणंच हे आहे की भूगोलाची माहिती आधी जागेत मांडली गेली, तरच ती दुर्लक्षिली जाऊ शकते.

म्हणून घरच्यांनी "यांना आठवत नाही" असं म्हटलं की मी त्यांना थांबवते. स्मृती म्हणजे ठेवलेली वस्तू असेल, तर ती शाबूत आहे. बिघडतं ते ती बाहेर काढून, स्वतःला मध्ये ठेवून, भोवती मांडण्याचं काम. हे काम आपण दिवसभर करत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. खोलीत कुणाला बोलवायचं तर कुठल्या दारातून, चष्मा कुठल्या हाताला ठेवला, भाजीवाल्याकडून घरी यायला कुठं वळायचं. बघणं आणि आठवणं ही दोन खाती आपण वेगळी मानतो, पण निदान या कामात दोघांची मांडणी एकाच जागी होते असं दिसतं.

त्या काळात मनातली प्रतिमा चित्रासारखी असते की वाक्यांसारखी, यावर मानसशास्त्रज्ञांत मोठा वाद चालला होता, आणि मिलानचा चौक त्यातही पुरावा म्हणून आणला गेला. त्या वादात मला फारसा रस नाही.

उजवाच मेंदू का, हा प्रश्न मात्र घरोघरी विचारला जातो. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवी बाजू अशी का हरवत नाही? हरवते कधीकधी, पण क्वचित, आणि सहसा सौम्य. केनेथ हाइलमन आणि मार्सेल मेसुलम यांनी १९८०च्या सुमारास मांडलेलं स्पष्टीकरण मी लोकांना सांगते, कारण ते समजायला सोपं आहे: मेंदूचा उजवा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा भाग मुख्यतः उजव्या बाजूवर. डावा भाग जखमी झाला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा गेला तर डाव्या बाजूला वाली उरत नाही. प्रत्यक्षात गुंतागुंत याहून जास्त आहे, पण काकूंना एवढं पुरतं, आणि ते चुकीचंही नाही.

डाव्या बाजूचं मेंदूपर्यंत काहीच पोचत नाही का? पोचतं. १९८८ साली जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी इंग्लंडमधल्या एका बाईंची हकिकत 'नेचर'मध्ये लिहिली. त्यांना घरांची दोन चित्रं दाखवली. दोन्ही सारखी, फक्त एका घराच्या डाव्या भागातून लाल ज्वाळा निघत होत्या. बाई म्हणाल्या, दोन्ही घरं एकसारखीच आहेत. मग विचारलं, यातल्या कुठल्या घरात राहायला आवडेल? त्यांना हा प्रश्न खुळचट वाटला, पण निवडताना त्यांनी बहुतेक वेळा आग नसलेलं घर निवडलं. नंतर इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल इतके स्वच्छ आले नाहीत. त्यात बिसियाकही होते. तरी त्या बाईंचं निवडणं मला खोटं वाटत नाही. काकांच्या डाव्या बाजूला कुणी येऊन बसलं की ते त्याच्याशी बोलत नाहीत, पण अस्वस्थ होतात, हे मी बघितलंय.

सगळ्यात अवघड वेळ येते ती रुग्णाला स्वतःचाच डावा हात परका वाटतो तेव्हा. लुळा पडलेला हात पलंगावर असतो आणि माणूस म्हणतो, हा माझा नाही, हा कुणाचा इथं ठेवलाय. बिसियाक यांनी असा एक संवाद नोंदवला आहे. डॉक्टर रुग्णाचा डावा हात आपल्या दोन हातांमध्ये धरून विचारतात, हे हात कुणाचे? रुग्ण म्हणतो, तुमचे. तीन हातांचा माणूस कधी पाहिलात का, असं विचारल्यावर रुग्ण तर्क लढवतो की हात बाहूच्या टोकाला असतो, तुम्हाला तीन बाहू आहेत, म्हणजे हातही तीनच असणार. हे वाचून हसू नये. तर्कशक्ती धड आहे, पण तिच्या हाती आलेली माहिती अर्धी आहे, आणि त्या अर्ध्यातून ती पूर्ण जग सिद्ध करू बघतेय. अशा माणसाशी "अहो, तुमचाच आहे ना" म्हणून घरच्यांनी वाद घातला की तो चिडतो, आणि मग सगळं घर त्याच्यावर चिडतं. वाद घालू नका, असं मी सुरुवातीलाच सांगते. हात त्याच्या उजव्या हातात द्या, तेल लावायला लावा, अंघोळीच्या वेळी त्यालाच धुवायला लावा.

डावी बाजू परत आणता येते, थोड्या वेळापुरती, आणि तीही अशा उपायानं की विश्वास बसू नये. १९८५ साली अॅलन रुबेन्स यांनी दाखवलं की डाव्या कानात थंड पाणी सोडलं की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला धक्का मिळतो, डोळे डावीकडे सरकतात आणि रुग्ण डावीकडे बघू लागतो. बिसियाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली आणखी पुढचं नोंदवलं: "मला काही झालेलंच नाही" म्हणणाऱ्या काहींना तेवढ्यापुरतं आपलं अंग लुळं आहे हे कळतं. आणि १९९२ साली जुलियानो जेमिनियानी आणि गाब्रिएला बोत्तिनी यांना आढळलं की मनातल्या जागेच्या वर्णनातही डावी बाजू तात्पुरती भरून येते. काही मिनिटांनी सगळं पूर्ववत. हे घरी कुणीही करू नका. गरगरतं, उलट्या होतात, आणि कानाच्या पडद्याला छिद्र असलं तर घात होईल. यातून मला एवढंच घ्यायचंय की ती बाजू पुसली गेलेली नसते. तिच्याकडे जायची वाट बंद असते.

जास्त टिकाऊ म्हणता येईल असा उपाय लिओंच्याच यिव्ह रोसेत्ती यांच्या गटाकडून १९९८ साली आला. जग उजवीकडे दहा अंश सरकलेलं दिसेल असा चष्मा घालायचा आणि समोरच्या खुणांकडे पन्नासेक वेळा बोट दाखवायचं. हात हळूहळू डावीकडे जायला शिकतो. चष्मा काढल्यावर डावीकडचं लक्ष सुधारतं, आणि हा परिणाम त्यांच्या रुग्णांत निदान दोन तास टिकला. नंतरच्या अभ्यासांत काहींना चांगला फायदा दिसला, काहींना फारसा नाही. माझ्याकडे असा चष्मा नाही. मी लाल रंगाची चिकटपट्टी वापरते. ती ताटाच्या, टेबलाच्या, पुस्तकाच्या पानाच्या डाव्या कडेला लावायची आणि नियम करायचा: लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच सुरुवात. हळूहळू काही जण स्वतःशी पुटपुटतात, "लाल कुठाय?" तो दिवस माझ्यासाठी सणाचा असतो.

खाट कशी ठेवायची यावरही घरात वाद होतात. भिंत डावीकडे आणि दार, खिडकी, टीव्ही, माणसं उजवीकडे, अशी खाट असेल तर माणूस बिनतक्रार दिवस काढतो आणि डावीकडे बघायची त्याला गरजच पडत नाही. सुरुवातीच्या दिवसांत, माणूस घाबरलेला असताना, मी उजवीकडूनच बोलते. जरा स्थिरावला की डावीकडे सरकत जाते. नातवंडांना सांगते, आजोबांच्या डाव्या बाजूला बसा आणि त्यांचा हात हातात घेऊन मगच हाक मारा. पाण्याचा तांब्या आणि घंटी मात्र उजव्याच हाताला. गरजेच्या वस्तूवर शिकवणी नको.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात जास्त सांगायची होती. नेग्लेक्टच्या सगळ्याच रुग्णांच्या मनातली डावी बाजू जात नाही. पुष्कळांचा त्रास फक्त समोर दिसणाऱ्या जगापुरता असतो, मनातला चौक पूर्ण असतो. आणि याच्या उलटही असतं. रोमच्या चेचिलिया ग्वारिल्या आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली 'नेचर'मध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याला समोरचं सगळं नीट दिसत होतं, कागदावरच्या चाचण्यांत तो पास होता, फक्त मनातल्या जागेची डावी बाजू त्याच्याकडे नव्हती. पुढे याच गटानं दाखवलं की असा त्रास असलेल्या लोकांना खऱ्याखुऱ्या जागेत आठवणीच्या आधारानं वाट काढणं अवघड जातं.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते मी बघते. माणूस ताट पूर्ण खातो, घड्याळ नीट काढतो, रेघेच्या मध्यावर खूण करतो, चालायलाही लागतो. सगळे खूश. मग एका सकाळी तो एकटा देवळात जायला निघतो, ज्या रस्त्यानं आयुष्यभर गेला त्याच रस्त्यानं, आणि डावीकडचं वळण त्याच्या मनातच नसल्यामुळे सरळ पुढे जात राहतो. घरचे म्हणतात, विसरभोळेपणा आला, वय झालं. गावात बोभाटा होतो की यांना वेड लागलं.

त्यामुळे उजव्या मेंदूचा झटका येऊन गेलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर पाच मिनिटं काढा. आजाराच्या खूप आधीपासून त्यांच्या अंगवळणी पडलेली एखादी जागा निवडा: दुकान, शेतातलं घर, शाळेचं मैदान, गावचा पार, काहीही. एका टोकाला उभे आहात असं समजून सांगा म्हणा. मध्ये बोलू नका, आठवण करून देऊ नका, बरोबर-चूक म्हणू नका. लिहून घ्या. मग पलीकडच्या टोकाला उभं करा आणि पुन्हा विचारा. ती जागा ओळखणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही याद्या दाखवा आणि कुठल्या वस्तू एकाच यादीत आहेत त्यांवर खूण करा. त्या खुणा दोन्ही वेळा डावीकडच्या वस्तू सुटल्याचं सांगत असतील, तर कागद डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि तोवर त्यांना एकट्यानं बाहेर सोडू नका. गाडी तर मुळीच चालवू देऊ नका.